स्लॅबवरची घोडी

गेल्या वर्षी होळी झाली, आणि वाईतल्या मधुकर शिराळकर सरांच्या घरचं जेवणाचं टेबल जेवणासाठी बंद झालं. ते पुढे चौदा महिने उघडलं नाही.

सर चौतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं कोर्टकज्जे करतात, गच्चीवर ढोबळी मिरची लावतात, फारच झालं तर सोसायटीचे चेअरमन होतात. सरांनी यातलं काहीच केलं नाही, त्यामुळे शरयूबाई निर्धास्त होत्या. आणि एके दिवशी आमटीभात कालवता कालवता सर म्हणाले, "मी सिनेमा करणार आहे. मातीचा."

"किती तासांचा?" शरयूबाईंनी विचारलं.

"सात मिनिटांचा."

"मग काय, चार वाजेपर्यंत होईल की."

सरांनी समजावून सांगितलं. मातीची बाहुली करायची, टेबलावर उभी करायची, फोटो काढायचा. मग तिचा पाय तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकवायचा आणि पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. सात मिनिटांना पाच हजार चाळीस फोटो. शरयूबाईंनी भाताचा घास हातातच धरून तोंडी हिशेब केला, टेबलाकडे एकवार पाहून घेतलं, आणि म्हणाल्या, "चटई माळ्यावर आहे. काढून द्या."

गोष्ट सरांच्या डोक्यात सहा वर्षांपासून होती. दोन हजार एकोणीसच्या पुरात ते सांगलीला शरयूबाईंच्या भावाकडे अडकले होते. खाली पाणी, वरच्या मजल्यावर सर, आणि समोरच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या स्लॅबवर एक म्हातारा आणि त्याची पांढरी घोडी. वरातीची घोडी. कपाळावरचा गोंडासुद्धा काढलेला नव्हता. म्हाताऱ्याने तिला जिन्याने वर चढवलं होतं. पाच दिवस सर समोरून बघत होते. मधे पाणी, बोलणं काही ऐकू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी होडीतून ओरडलं तेव्हा घोडीचं नाव तेवढं कळलं : रेश्मा. पाचव्या दिवशी सरांना बोटीने बाहेर काढलं. म्हातारा आणि घोडी तिथंच होती. पुढे काय झालं ते सरांना कधीच कळलं नाही. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती : घोडं जिना चढतं, उतरत नाही. उतारावर खालचं दिसलं की त्याचे पाय गोठतात. म्हणजे शेवट काय झाला असेल, हे उघड होतं. ती घोडी स्लॅबवर आडवी झाली असणार. हा शेवट सर सहा वर्षं मनात घेऊन फिरत होते.

तर पहिलं काम घोडी. सरांनी ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा केला, त्यावर पांढरी तेलमाती चढवली, लोकरीची आयाळ लावली. दोन आठवड्यांनी ती टेबलावर उभी राहिली, तेव्हा शेजारचे बाळासो माने आले. बाळासो मूळचे उंब्रजचे, एसटीत कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर गाड्या सोडणं बंद झाल्यामुळे त्यांनी सल्ले सोडायला सुरुवात केली होती. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली.

"कुत्रं झ्याक झालंय, सर."

त्या संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, सईचा व्हिडिओ कॉल आला. "अय्या बाबा, शेळी कसली गोड आहे!" सरांनी फोन शरयूबाईंकडे दिला. दुसऱ्या दिवशी दूधवाला दारातूनच म्हणाला, "वासरू केलंय व्हय? माझ्याकडचं बघून करायचं की, लय देखणं हाय." ज्या माणसाने चौतीस वर्षं फळ्यावर तोंडपाठ घोडा काढला, टापेपासून कानापर्यंत एका रेषेत, खडू न उचलता, त्याला हे ऐकून घ्यावं लागत होतं. सरांनी मान लांब केली. मग ती उंटासारखी दिसू लागली. हे मात्र कोणी बोलायच्या आत सरांना स्वतःलाच दिसलं, एवढाच काय तो दिलासा.

चैत्रात चित्रीकरण सुरू झालं, आणि घरात पंखा बंद झाला. पंख्याने घोडीची आयाळ हलते. पंखा नाही म्हणून खिडकी उघडावी, तर उजेड बदलतो. उजेड नको म्हणून खिडकी बंद करावी, तर घोडी वितळते. वाईतला एप्रिल तिला मानवला नाही. सकाळी ताठ उभी असलेली रेश्मा दुपारी दोनपर्यंत पोटातून खाली यायची.

"गाभण हाय व्हय?" बाळासोंनी हळू आवाजात विचारलं.

त्यावर उपाय म्हणून घोडी दर दुपारी फ्रिजमध्ये जाऊ लागली, दह्याच्या भांड्याशेजारी. शरयूबाईंनी तेही सोसलं. पुराचं पाणी मात्र त्यांच्याच्याने सोसवेना. पुराचं पाणी कसं दाखवायचं यावर सरांनी महिनाभर विचार केला होता, आणि शेवटी साबुदाण्याची खळ चहाच्या पाण्यात शिजवून ती परातीत ओतली होती. दिसायला हुबेहूब कृष्णा. पण चौथ्या दिवशी पूर आंबला. आठव्या दिवशी त्याला असा वास सुटला की इस्त्रीवाला कपडे फाटकाला अडकवून जाऊ लागला. आणि दहाव्या दिवशी मुंग्या आल्या. सर चिमट्याने मुंग्या काढत, फोटो काढत, पुन्हा मुंग्या काढत. तरी एक निसटली. म्हातारा घोडीच्या मानेला मिठी मारून रडतो, त्या सगळ्यात करुण क्षणी एक मुंगी त्याच्या गालावरून वर चढली आणि डोळ्यापाशी थांबून मिशा हलवून गेली. सरांना हे अकरा दिवसांनी कळलं. पुन्हा करायचं म्हणजे आणखी अकरा दिवस. सर खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "पुरात मुंग्या असतातच."

त्याच सुमाराला एकदा शरयूबाईंनी टेबलाखालचा केर काढण्यासाठी टेबल सरकवलं. फक्त चार बोटं. पडद्यावर अख्खं घर, जिना, म्हातारा आणि घोडी एकदम डावीकडे उडी मारून उभी राहिली. त्या दिवशी नवराबायकोत जे बोलणं झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यानंतर तीन दिवस बोलणंच झालं नाही.

सल्ले मात्र येत होते. बाळासोंचा जावई हिंजवडीला होता. "सर, त्यानं परवा मोबाईलवर नुसतं सांगितलं, पांढरी घोडी पळव. पळाली की वो! आयाळबियाळ सगळं. एका मिनिटात. तुमी इथं सकाळपासनं पाय धरून बसलाय."

"त्यात हात कुठे आहे, बाळासो?"

"हात काय करायचाय? घोडी दावायची हाय न्हवं?"

सरांना राग आला, आणि रागात त्यांच्या अंगठ्याने रेश्माचा पुढचा डावा पाय मोडला. तो तिसऱ्यांदा मोडला होता.

आवाजाचीही अशीच तऱ्हा. घोडीचं खिंकाळणं हवं होतं. मेणवलीच्या रस्त्याला एका बागायतदाराकडे घोडा होता. सर आणि बाळासो तिथे तीन वेळा गेले, फोन त्याच्या तोंडासमोर धरून दोन दोन तास उभे राहिले. घोड्याने हरभरा खाल्ला, गूळ खाल्ला, एकदा सरांची टोपी खाल्ली, पण तोंडातून आवाज काढला नाही. शेवटी परत येताना बाळासोंनी गाडीतच मान मागे टाकली आणि असे खिंकाळले की पुढचा टेम्पो बाजूला झाला. तेच ध्वनिमुद्रण सिनेमात गेलं. श्रेयनामावलीत "घोडीचा आवाज : बाळासो माने" असं लिहावं लागलं, आणि तेव्हापासून बाळासो गावात "आमचा सिनेमा" म्हणू लागले.

पावसाळा गेला, थंडी आली. थंडीत माती दगडासारखी होऊन घोडीचं डोकंच निखळलं. बाजारात पांढरी तेलमाती संपली होती. सरांनी मैदा, मीठ, तेल आणि उरलीसुरली माती एकत्र मळून नवं डोकं केलं, आणि ते मानेच्या तारेवर नुसतं रोवलं. हे डोकं पहिल्यापेक्षा बरं झालं. बाळासो बराच वेळ पाहून म्हणाले, "आता गाढावाच्या जवळ आलंय." सरांनी ही प्रगती मानली.

सिनेमा संपत आला तेव्हा सांगलीच्या एका लघुपट महोत्सवाची जाहिरात दिसली. अर्ज संगणकावर भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता : 'चित्रपटात प्राण्याचा वापर केला आहे काय?' सर आयुष्यभर खरं बोलत आले होते. त्यांनी 'होय' वर टिचकी मारली. लगेच दुसरं पान उघडलं आणि त्याने प्रमाणपत्र मागितलं. मागे जायला सोय नव्हती. खाली मदतीसाठी एका प्राणीसंरक्षण कक्षाचा फोन नंबर होता. सरांनी फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजाने फार प्रेमळ.

"प्राणी कोणता, सर?"

"घोडी."

"वय?"

सर काटेकोर माणूस. "जानेवारीपर्यंत धरलं तर दहा महिने."

"दहा महिन्यांचं शिंगरू कामाला लावलंत? दिवसाला किती तास?"

"सहा. कधी आठ. उजेडावर असतं."

"मधे बसू देता ना?"

"बसवली तर मोडेल हो! म्हणून तर खिळे मारलेत."

"कुठे?"

"पायातून. चारी पायांतून टेबलात. नाहीतर तोल जातो तिचा."

मग बाईंनी अगदी वेगळ्या आवाजात पत्ता विचारला. सरांनी प्रमाणपत्र घरपोच येणार अशा समजुतीने तो पिनकोडसकट सांगितला.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी जीप उभी राहिली. तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी डॉक्टर कपिल बनसोडे उतरले. हातात फाईल, मागे पट्टेवाला. हा कपिल सरांचाच विद्यार्थी. दारात पाय ठेवताच त्याने सरांच्या पाया पडून घेतलं आणि मग अवघडून म्हणाला, "सर, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. घोडीला खिळे ठोकून टेबलावर उभी केली आहे म्हणून. मला पंचनामा करावा लागेल."

एव्हाना आळीतली वीसेक माणसं अंगणात जमली होती. बाळासो जीपला गाडी मागे घ्यायच्या खुणा करत होते. डॉक्टर आत गेले, टेबलापाशी उभे राहिले. घोडीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा घोडीकडे पाहिलं. हसले नाहीत. हे त्यांचे उपकार सर कधी विसरणार नव्हते.

"काही इजा, आजार?" फाईल उघडून त्यांनी विचारलं.

"पाय तीनदा मोडला. डोकं एकदा निखळलं," सर खाली मान घालून म्हणाले.

"ते नको लिहायला."

त्यांनी लिहिलं : 'सदर घोडी मातीची असून ती चित्रीकरणापूर्वी, दरम्यान व नंतर जिवंत नव्हती. सबब क्रूरता आढळून आली नाही.' खाली सही, गोल शिक्का. तो कागद महोत्सवाला पाठवला, आणि आठ दिवसांनी 'आपला चित्रपट निवडला गेला आहे' असं पत्र आलं. सर ते पत्र घेऊन तासभर गणपतीच्या घाटावर बसून आले. तेवढा एक तास त्यांना बरं वाटलं.

महोत्सव मे महिन्यात, सांगलीत. सर, शरयूबाई आणि "आवाज" म्हणून बाळासो, असे तिघे सातारा गाठून पुढच्या गाडीने निघाले. रेश्मा डब्यात, सरांच्या मांडीवर. पाहुण्यांना बाहुली दाखवावी अशी संयोजकांची सूचना होती. संयोजक दिग्विजय नावाचा उत्साही तरुण होता. त्याने दारातच सरांचा हात धरून सांगितलं, "सर, तुमच्यासाठी एक सरप्राईज आहे. पिक्चरनंतर!" आणि कार्यक्रमपत्रिका हातात दिली. तीत छापलं होतं : 'स्लॅबवरची थोडी'.

"घोडी," सर म्हणाले.

"हो हो, घ आणि थ मधे गडबड झाली. कळतं लोकांना."

लोकांना कळलं नाही. निवेदिकेने माईकवर भावपूर्ण आवाजात "स्लॅबवरची थोडी" असं जाहीर केलं, आणि दिवे मालवले.

चौदा महिने सात मिनिटांत निघून गेले. आवाज चित्राच्या एक सेकंद मागून येत होता, त्यामुळे घोडी तोंड मिटायची आणि मग बाळासो खिंकाळायचे. पहिल्या खिंकाळण्याला कोणीतरी फिसकलं. दुसऱ्याला ओळच्या ओळ हसली. घराने डावीकडे उडी मारली तेव्हा टाळ्या पडल्या. म्हातारा घोडीच्या गळ्यात पडून रडू लागला, सभागृह जरासं शांत झालं, सरांनी श्वास रोखला, आणि मुंगी आली. मुंगी पडद्यावर दीड फुटाची दिसत होती. हशा असा उसळला की घोडीने शेवटी स्लॅबवर अंग टाकलं ते बहुतेकांना दिसलंसुद्धा नाही. दिवे लागले तेव्हा सर दोन्ही हातांनी डबा घट्ट धरून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते.

मग परीक्षक मंचावर आले. गळ्यात उपरणं, डोळ्यांवर जाड काडीचा चष्मा. ते सरांना मंचावर बोलावून म्हणाले, "अप्रतिम. विशेषतः मातीवर ते अंगठ्याचे ठसे हलतात ना, काय खरे वाटतात! मी स्वतः प्रयत्न केलाय, मला असे ठसे जमले नाहीत. कोणतं ॲप वापरलंत?"

"हाताने केलंय," सर म्हणाले. माईक बंद होता.

"टूल्स सांगायची नसतील तर हरकत नाही," परीक्षक समजूतदारपणे हसले. "आपल्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र पारितोषिक आहे."

तेव्हा पाचव्या रांगेत शरयूबाई उभ्या राहिल्या. त्यांना माईकची गरज नव्हती. "अहो, कसलं ॲप? चौदा महिने जमिनीवर बसून जेवलोय आम्ही! माझे गुडघे बघा! फ्रिजमध्ये घोडी होती माझ्या दह्याशेजारी! आंबलेला पूर मी उपसलाय! आणि हे म्हणे ॲप!"

सभागृहाने जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, "ह्या पण पिक्चरमधल्याच का?"

सर मंचावरून उतरले ते थेट बाहेर पडवीत आले. मागून शरयूबाई आल्या. त्या शेजारी उभ्या राहिल्या. तेवढ्यात दिग्विजय एका म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला. डोक्याला पिवळा पटका, अंगात धुवट बंडी. "सर, सरप्राईज! हे बिराप्पा. तुमच्या गोष्टीतले. अर्जातली हकिकत वाचून मी शोधून काढलं!" एवढं सांगून तो पुढच्या सिनेमाच्या गडबडीत आत पळाला.

बिराप्पाने सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हळूच विचारलं, "सर, शेवटाला तुमी तिला मारली व्हय वो?"

"म्हणजे... मला वाटलं..."

"आवं, ती जित्ती हाय! मार्केट यार्डाच्या मागं बांधलीया. चला, दावतो."

घोडी जिवंत आहे हे ऐकून सरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाच्या पाठीला पाठ लावून दुसराच एक विचार आला, की मग शेवट चुकला. सहा वर्षांचं दुःख, नव्वद सेकंदांचा शेवट, एक हजार ऐंशी फोटो, सगळं चुकलं. या विचाराची सरांना इतकी लाज वाटली की रिक्षात बसेपर्यंत ते बिराप्पाच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत.

वाटेत बिराप्पा सांगत होता. "जिन्याकडं त्वांड केलं की खालचं दिसायचं, आन् थरथरायची. दोन दिस तसंच. मग म्या तिला फिरवली, शेपटी जिन्याकडं. म्या म्होरं, तिचं त्वांड माज्याकडं. आन् आमच्या बँडचा क्लॅरिनेटवाला खाली चिखलात उभा केला. म्हनलं, वाजीव. वरातीत ती नाचत मागं मागं सरती न्हवं? तशी मागं मागं उतारली. बावीस पायऱ्या. एकबी चुकली न्हाई."

रिक्षा खड्ड्यातून गेली. सरांनी डबा सावरला.

"आन् सर, राग मानू नका," बिराप्पा म्हणाला. "म्या रडलो न्हवतो. सा दिस तिला नुसत्या शिव्या घालत हुतो."

मार्केट यार्डामागे कडुलिंबाखाली रेश्मा उभी होती. आता चौदा वर्षांची. वराती बंद झाल्या होत्या. पोट जरा सुटलं होतं, पापण्या पिकल्या होत्या. सर तिच्यासमोर जाऊन थांबले. इतके घोडे काढले, पण घोड्याच्या अंगाला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी मानेवर हात ठेवला. मान त्यांना वाटली होती त्यापेक्षा गरम होती आणि आतून कसलीतरी हालचाल जाणवत होती. नाकपुडीच्या वरचा तो खळगा तर त्यांनी एकाही घोड्याला कधी काढला नव्हता.

"तुमची बाव्हली दावा की," बिराप्पा म्हणाला. सरांनी डबा उघडला. बिराप्पाने वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "आरं! ही तर रेश्मा!"

कुत्रं नाही, शेळी नाही, वासरू नाही, गाढव नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं होतं. सरांनी बाहुली नीट दिसावी अशी दोन्ही हातांनी वर धरली. आणि रेश्माने मान पुढे केली, ओठ लांबवले, आणि बाहुलीचं डोकं खाल्लं.

कर्रकन आवाज आला. ती शांतपणे चावत होती. मैदा आणि मीठ तिला पसंत पडलेलं दिसत होतं.

"आगं बया!" बिराप्पा तिच्या तोंडात हात घालायला धावला. तोवर तिने गिळलं होतं. "सर, काय हुतं वो त्यात? इख-बिख न्हाई न्हवं?" सहा दिवस पुरात न रडलेला माणूस आता रडायच्या बेतात आला होता.

सरांच्या हातून फोन दोनदा पडला. शेवटी सोबत आलेल्या शरयूबाईंनी नंबर लावून दिला.

"डॉक्टर बनसोडे, घोडीने घोडी खाल्ली!"

"सर, शांत व्हा. कोणत्या घोडीने कोणती घोडी?"

"खऱ्या घोडीने मातीची. डोकं."

"तार होती का आत?"

सरांनी धड पाहिलं. मानेतून तार पूर्ण बाहेर आलेली, टोकाची गुंडाळीसुद्धा जागेवर. "नाही. तार इथे आहे."

"रंग?"

"नाही. मैदा, मीठ, तेल, थोडी तेलमाती. लोकर कपाळापुरती."

"बहुतेक काही होणार नाही. पण दोन-तीन दिवस लक्ष ठेवायला लागेल. पाणी भरपूर. लोळायला लागली, खाणं सोडलं, तर लगेच फोन. तिकडच्या आमच्या डॉक्टरांना मी सांगून ठेवतो. आणि सर... लीद बघत राहा."

असे मधुकर शिराळकर सर, ज्यांचा सिनेमा त्या दिवशी सांगलीत दाखवला गेला, ते दोन दिवस मार्केट यार्डामागे एका पोत्यावर बसून घोडीची लीद बघत राहिले. निघण्याचा प्रश्नच नव्हता. बिराप्पा घोडीच्या पोटाला कान लावून बसायचा आणि अधूनमधून सरांना खूण करायचा, मग सर कान लावायचे. शरयूबाई भावाकडून दोघांसाठी डबा आणत. पहिल्या संध्याकाळी बाळासोंचा फोन आला. मागे सनई आणि टाळ्या ऐकू येत होत्या. "सर, तुमी हाय कुठं? तुमचं नाव पुकारलं! म्याच घेतलं बक्षीस. भाषनबी केलं, खिंकाळून दावलं. लोकं उठत न्हाईत खुर्चीवरनं! आता सगळे अभिनंदन कराय लागल्यात, ठिवतो." बक्षीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्जनशील वापराबद्दल होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बाळासोंचा स्मृतिचिन्हासह फोटो होता. खाली 'वाईचे दिग्दर्शक' असं लिहिलं होतं. सरांनी तो पेपर वाचला, घडी घातली आणि त्यावर बसले, कारण पोतं ओलं होतं.

"सर, यक विचारू?" बिराप्पा म्हणाला. "येवढं सगळं कशापायी केलंसा?"

"पाच दिवस बघत होतो हो तुम्हाला समोरून," ते म्हणाले. "काही करता येत नव्हतं."

बिराप्पाने मान हलवली. मग म्हणाला, "म्याबी बघत हुतो तुमास्नी. वरच्या खिडकीत यक चष्मेवाला. मला वाटायचं, ह्यो बाबा काय जगत न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी, शरयूबाई चहा घेऊन येत असताना, रेश्माने शेपटी उचलली. बिराप्पा काडी घेऊन पुढे झाला. सर चष्मा सरळ करून वाकले. दोघं बराच वेळ उकरत होते. मग बिराप्पा एकदम ओरडला, "आली, सर! आली!" लिदीत पांढरे, खडीसारखे चार तुकडे होते, आणि लोकरीचा एक गुंतवळा. रेश्माने हुश्श करून नाक फुरफुरवलं आणि कडब्याकडे वळली.

सरांनी फोन लावला. "डॉक्टर, आली."

"सगळी?"

"एक कान राहिलाय."

"तो येईल मागून. खातेय ना? लोळली नाही ना?"

"नाही. आत्ता कडबा खातेय."

"मग सुटलात," पलीकडून डॉक्टर कपिल बनसोडे मनापासून म्हणाले. "अभिनंदन, सर."

सर फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. चौदा महिने, पाच हजार चाळीस फोटो, एक महोत्सव, एक पारितोषिक. आणि हा शब्द त्यांच्या वाट्याला आज पहिल्यांदा आला होता. त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला, घसा साफ केला.

"आभारी आहे," ते म्हणाले.

शरयूबाईंनी चहाचे पेले पारावर ठेवले आणि आधी बाहुलीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, कारण रेश्मा कडबा चावता चावता पुन्हा त्या डब्याकडे बघत होती.